टोलीला वेगळं व्हायचं होतं

वेगळ्या विदर्भाची बाजू मांडायला मला कधी कागद लागला नाही. कोळसा आमचा, जंगल आमचं, धूर आमच्या छातीत, आणि शाळेवर मास्तर द्यायचा की नाही हे हजार किलोमीटरवरून ठरतं, एवढं म्हटलं की माझी गाडी सुरू व्हायची. नवरा उलट बाजूचा. आमच्याकडे रात्रीच्या जेवणाला वरणभाताबरोबर हा वादही वाढलेला असायचा.

"लहान राज्य पगार कुठून देईल?" तो विचारायचा.

"आता कुठून देतात?"

"आता मुंबईच्या जिवावर देतात. उद्या नागपूरवाले मोठे होतील. आपण जिथले तिथंच."

"नागपूर निदान एका दिवसात जाऊन परत येता येतं."

"म्हणजे शिव्या घालायला जवळ पडतं म्हणून राज्य पायजे तुले?"

"हो," मी म्हणायची. "तेवढ्यासाठीसुद्धा पाहिजे."

तो हसायचा. तो म्हणायचा त्यात काही अगदीच खोटं नव्हतं. एक भाषा बोलणारे लोक एका राज्यात असावेत, मोठ्या घराला आधार जास्त, हे त्याचं म्हणणं मला समजायचं. पण मला ते पटायचं नाही. गडचिरोली चंद्रपुरातून निघून वेगळा जिल्हा झाला तेव्हाही लोकांनी हेच म्हटलं होतं, असं माझे सासरे सांगायचे. झाला म्हणून आज कलेक्टरचं ऑफिस बसनं तासाभरावर आहे. यावर नवरा भात मागायचा.

आमचं गाव आरमोरी तालुक्यातलं, धानाचं. मी तिथं पाच वर्षं सरपंच होते. गट ग्रामपंचायत, म्हणजे एका पंचायतीत दोन वस्त्या. आमचं गाव मोठं. दुसरी टोली, नाल्यापलीकडे चार किलोमीटरवर, जंगलाला लागून. तिथं गोंड आणि ढिवरांची घरं जास्त, थोडी आमच्यासारखी बौद्धांची. टोलीतून एक बाई पंचायतीवर निवडून आली होती. माझ्याच वयाची, सातवी शिकलेली. मीटिंगमध्ये कमी बोलायची, पण कागद वाचल्याशिवाय पेनालाही हात लावायची नाही, सही तर दूरच. मला ती आवडायची. हिवाळी अधिवेशनावर वेगळ्या राज्याचा मोर्चा निघाला तेव्हा मी जीप ठरवली आणि तिला म्हटलं, चल.

नागपूरच्या वाटेवर जीपमध्ये तिनं विचारलं, "बाई, राज्य वेगळं झाल्यावर आमच्या टोलीले काय भेटन?"

मी सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. म्हटलं, निर्णय घेणारा माणूस जवळ आला की त्याला तुमचं तोंड दिसतं. लांबच्या माणसाला फक्त आकडा दिसतो. तोंड दिसलं की नाही म्हणायला लाज वाटते.

ती खिडकीबाहेर बघत बसली. नंतर मोर्च्यात माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडली.

पुढच्याच महिन्यात, सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला, टोलीचे लोक दोन ट्रॅक्टर भरून आले. एवढे लोक टोलीतून कधी यायचे नाहीत. ती उभी राहिली आणि म्हणाली, "आमाले आमची ग्रामपंचायत वेगळी पायजे."

आमच्या गावचे लोक हसले. एकजण म्हणाला, "आता काय वेगळा देश मागता काय?"

"देश नाई मागत," ती म्हणाली. "पावसाळ्यात नाला भरला का आमी पंधरा दिवस दाखल्याले येऊ शकत नाई. हापशी बिघडली तं अर्ज इथी, मिस्त्री इथी, पानी तिथी. आमचा निर्नय आमच्याजवळ पायजे. दूरच्या मानसाले आमचं तोंड दिसत नाई."

शेवटचं वाक्य बोलताना तिनं माझ्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता तो. मी खूश होईन असं तिला वाटलं होतं.

मी खूश झाले नाही. माझ्या डोक्यात भराभर हिशेब सुरू झाला. टोली गेली की पंचायतीची लोकसंख्या घटते, सदस्य घटतात. मोठा मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव, टोलीच्या शिवारात आहे, त्यावर आमच्या गावचं निम्मं धान पिकतं. आरोग्य उपकेंद्राचा प्रस्ताव दोन्ही वस्त्यांची माणसं धरून पाठवला होता, तो मागं पडेल. आणि नाव माझं येईल. मी सरपंच असताना पंचायत फुटली, असं लोक म्हणतील.

त्या दिवशी सभेत टोलीची डोकी जास्त होती. ठराव टाकला असता तर झाला असता. मी म्हटलं, "विषय मोठा आहे. घाईनं नको. अंतर, लोकसंख्या, उत्पन्न, सगळी माहिती काढू. एक मेच्या ग्रामसभेत रीतसर विषय घेऊ." ग्रामसेवकानं मान हलवली. टोलीवाले तयार झाले. ती म्हणाली, "बाई म्हनून राह्यल्या तं घेतीलच."

जानेवारीत माझ्या मनात काळं होतं का? मी स्वतःला हे बरेचदा विचारलं आहे. मला वाटतं, तेव्हा फक्त टाळायचं होतं. काळं आलं ते एप्रिलमध्ये.

एप्रिलच्या मध्यात वनरक्षक पंचायतीत पाणी प्यायला बसला आणि सहज म्हणाला, यंदा पान लवकर तयार झालं, महिनाअखेर फळी लागेल. फळी म्हणजे तेंदूपत्ता गोळा करायचा तळ. ती जेमतेम आठ-दहा दिवस चालते. त्या दिवसांत टोलीत माणूस सापडत नाही. अंधारातच सगळे जंगलात जातात, म्हातारे, सुना, शाळेला सुट्टी लागलेली पोरं. दहा-अकराला भारे घेऊन परत येतात, दुपारभर सावलीत बसून पुडके बांधतात आणि सांजेला फळीवर देतात. एक दिवस चुकला तर त्या दिवसाचं पान परत येत नाही. हे इथल्या लहान पोरालाही माहीत असतं. मला तर होतंच. लग्नाआधी माहेरी मीही पानं तोडली आहेत.

दोन दिवसांनी ती आली. "बाई, फळी लागून राह्यली. सभा संध्याकाळी ठेवा ना. सातले सगळे येतील."

मी म्हटलं, "झेंडावंदन सकाळी असतं. लोक जमलेले असतात. सभा झेंड्यानंतर लगेच."

"झेंडा सकाळी करा. सभा संध्याकाळी करा. नियमात असं कोठी लिवलं आहे का?"

लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "दरवर्षीची पद्धत आहे."

ती म्हणाली, "मांगच्या वर्सी तं उन्हामुळं संध्याकाळी घेतली होती."

"म्हणूनच यंदा लोकांची तक्रार आहे," मी म्हटलं. कुणाचीही तक्रार नव्हती.

एक मेला सकाळी मी दंडावर काळी फीत बांधून झेंडावंदनाला गेले. ज्या दिवशी आम्हाला न विचारता या राज्यात घातलं तो दिवस आम्ही साजरा करत नाही, असं दोन-तीन जणांना समजावूनही सांगितलं. मग तीच फीत दंडावर असताना आठ वाजता ग्रामसभेच्या खुर्चीवर बसले.

टोलीतून अकरा जण आले होते. त्यातल्या सात जणांना चालणंही कठीण होतं. ती आली होती. डोक्याला फडकं, हाताची बोटं काळी. म्हणजे पहाटे जाऊन थोडी पानं तोडून, भारा अर्धा टाकून आली होती.

मी बोलायला उभी राहिले. छोटी पंचायत टिकत नाही, म्हणाले. घरपट्टीच्या वसुलीवर दिवा तरी लागेल का? दोन पंचायती झाल्या तर एकच ग्रामसेवक दोन्हीकडे धावेल, म्हणजे दोघांचंही नुकसान. एकत्र राहिलो तर वरच्यांवर वजन पडतं. आणि आधी विकास करू, नाल्यावर पूल करू, मग वेगळं व्हायची गरजच राहणार नाही. आपण कित्येक पिढ्यांचे भाऊ आहोत, असंही म्हणाले.

बोलताना मला कळत होतं की मी कुणासारखं बोलते आहे. यातलं एकेक वाक्य मी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं आणि एकेकाला उत्तर दिलं होतं. उत्तरंही तोंडपाठ होती. तरी थांबले नाही.

मागच्या रांगेत नवरा बसला होता. तो मान खाली घालून हसत होता.

ती एवढंच म्हणाली, "आमचे लोक जंगलात हायेत. हात कोन वर करन?"

"गणपूर्ती झाली आहे," मी म्हटलं.

हात वर झाले, मोजले, ठराव बहुमतानं नामंजूर. कार्यवृत्तावर मी सही केली. तिनं कार्यवृत्त पूर्ण वाचलं, सही केली नाही आणि गेली. त्यानंतर मोर्च्याला मी तिला बोलावलं नाही. बोलावलं असतं तर काय तोंडानं, हा प्रश्न होता. आणि खरं सांगायचं तर त्यानंतर मीही फार गेले नाही.

माझी मुदत संपली. पुढच्या वेळी पद वेगळ्या आरक्षणात गेलं. नाल्यावर पूल झाला नाही. टोलीनं पुन्हा अर्ज केला. नव्या सरपंचानं उत्तर दिलं की हा विषय ग्रामसभेनं यापूर्वीच बहुमतानं नाकारला आहे. टोलीवाले पंचायत समितीत गेले, तिथंही माझ्या सहीचा तोच कागद समोर ठेवला. वर पाठवलेल्या अर्जालाही त्याच कागदाचा हवाला जोडला गेला. म्हणजे मी एका सकाळचं काम केलं होतं आणि ते दोन वर्षं पुरलं होतं.

मागच्या नोव्हेंबरात एका दुपारी ती माझ्या घरी आली. मी अंगणात धान पाखडत होते. तिनं सूप माझ्या हातातून घेतलं नाही, बसलीही नाही.

"बाई, एक लिवून पायजे. त्या दिवशी आमचे लोक काऊन नव्हते, ते."

"अर्जात लिहा ना तुम्ही."

"आमी लिवलं. समितीतले साहेब म्हनते, आता काही बी म्हनता येते. ज्यानं सभा घेतली त्यानं लिवलं तं मानू."

नवरा ओसरीवरून म्हणाला, "आपल्याले याच गावात राह्याचं आहे, ध्यानात ठेव."

मी आत जाऊन कागद आणला आणि लिहिलं. सरकारी कागद लिहायची सवय होती, दहा मिनिटांत झाला. सदर ग्रामसभेच्या वेळी तेंदूपत्ता हंगाम सुरू असल्याने व वेळेबाबत गैरसमज झाल्याने टोलीतील ग्रामस्थ उपस्थित राहू शकले नाहीत, असा.

तिनं वाचला. अंगणात उभ्यानंच, ओठ हलवत, दोनदा.

"गैरसमज कोनाचा झाला?"

मी पेनाला टोपण लावलं.

"मले वेळ बराबर समजली होती. तुमाले बी समजली होती. मंग कोनाचा?"

"असं लिहितात," मी म्हटलं. "तेवढ्यानं काम होईल."

"काम होईन बी," ती म्हणाली. "पन मंग आमीच येडे होतो असं होते ना, बाई. साधी वेळ समजत नाई, अन् पंचायत मागते."

तिनं कागद परत दिला. फाडला नाही, फेकला नाही, परत दिला. मी आयुष्यात बरीच बोलणी खाल्ली आहेत, सासूची, आमदाराची, साहेबांची. ती विसरले. हे बोलणं विसरत नाही.

दुसरा कागद लिहायला तास गेला. टोलीतील सदस्यांनी सभा संध्याकाळी घेण्याची विनंती केली होती. तसं करण्यात कोणतीही अडचण नव्हती. हंगामात टोलीतील लोक येऊ शकणार नाहीत हे मला माहीत होते. ठराव नामंजूर व्हावा म्हणून मी सभा सकाळी ठेवली. नवऱ्यानं वाचला आणि म्हणाला, "हे असं कोनी लिवते का?" मी सही केली.

ती म्हणाली, "तुमी बी चाला. साहेब म्हननार, जबरदस्तीनं लिवून घेतलं."

दोघी आरमोरीला गेलो. पंचायत समितीत अधिकाऱ्यानं कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"मॅडम, एवढं सविस्तर कशाला? गैरसोयीची वेळ असं लिहिलं तरी चालतं. तुमच्यावर येईल उगाच."

आयता दरवाजा उघडा होता. मी शेजारी पाहिलं. ती भिंतीवरचा नकाशा बघत होती, तालुक्याचा. माझ्याकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती, असं मला वाटलं.

"राहू द्या तसंच," मी म्हटलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं."

त्यानं कागदावर शेरा मारला. विषय नव्यानं ग्रामसभेपुढं ठेवावा, तारीख आणि वेळ टोलीतील सदस्यांना विचारून ठरवावी. पंचायत दिली नाही, देणं त्याच्या हातातही नव्हतं. पुन्हा सभा होईल, पुन्हा हात मोजले जातील, आणि या वेळी आमचं गावही तयारीनं येईल. टोली पूर्ण उतरली तरी आमच्यातले थोडे हात लागतीलच. हे तिलाही कळत होतं.

परतीच्या बसमध्ये आम्ही एका सीटवर बसलो. टोलीचा फाटा जवळ आला. ती पिशवी उचलत म्हणाली, "सभेत हात वर कराल?"

"करीन."

"तुमच्या घरचे? तुमच्या आळीतले?"

पाच वर्षं त्या आळीनं माझ्या शब्दावर हात वर केले होते. त्या सकाळीही.

"त्यांना विचारावं लागेल," मी म्हटलं.

"मंग विचारा," ती म्हणाली आणि उतरली. बस सुटली. घरी पोचल्यावर पाय धुतले, चहासुद्धा घेतला नाही, आणि आळीतल्या पहिल्या घराची कडी वाजवली.