रिपोर्ट बघून धरलेलं सुतक

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी देवीशी कडाकडा भांडले, आणि अजूनही मला त्याचा पस्तावा नाही. नवरा नाशिकच्या एका दवाखान्यात ऑक्सिजनवर होता. आत कुणाला सोडत नव्हते. आम्ही नातेवाईक बाहेर कडुनिंबाखाली बसून मोबाइलवर येणारे रक्ताचे रिपोर्ट वाचायचो. सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर. द्राक्षांच्या भावासारखे हे शब्द आमच्या घरात बोलले जाऊ लागले होते. मी रिपोर्ट निफाडकडे सासरी पाठवायचे. तिथे थोरल्या जाऊबाईंनी यांच्यासाठी गडावरच्या देवीच्या पोथीचं पारायण मांडलं होतं, शेजारी अखंड दिवा. खरं सांगते, त्या दिव्याच्या भरवशावरच मी तग धरून होते.

एका सकाळी डी-डायमर एकदम चढलेला आला. मी तोही पाठवला. दुपारी जाऊबाईंचा फोन.

"अगं, रागावू नको. गावात म्हणतात, हे वाढलं की माणूस हाती लागत नाय. उद्या काही झालं तर सुतकात पारायण मोडायचं, देवीचा कोप नको. म्हणून आजच समाप्ती उरकली. दिवा बी शांत केला."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. अहो, माणूस आत श्वास घेतोय! "ताई, जिवंत माणसाचं सुतक धरलंत तुम्ही? रिपोर्ट बघून?" मी भर रस्त्यात ओरडले. त्या रडायला लागल्या, तरी मला तसूभर दया आली नाही. फोन ठेवला आणि देवीलाच धारेवर धरलं. तुझ्या डोळ्यांदेखत दिवा शांत केला आणि तू बघत बसलीस? वर्षानुवर्षं गड चढले ते यासाठी? हात जोडले नाहीत, नवस बोलले नाही. म्हटलं, आता तुझं तू बघ, मी काही मागणार नाही.

तेवढ्यात जाळीच्या दारातून यांचं नाव पुकारलं. पीपीई किट घातलेल्या एक डॉक्टरबाई उभ्या होत्या, चष्म्यावर वाफ धरलेली. माझा राग तसाच तोंडावर होता. "किती वेळ उरलाय, ते सरळ सांगा," मी म्हटलं.

"कोण म्हणालं तुम्हाला असं?" त्यांचाही आवाज चढला. "त्या आकड्यावरून कुणाकडे जास्त लक्ष द्यायचं ते आम्हाला कळतं. कोण जाणार, हे त्यात लिहिलेलं नसतं. धोका वाढलाय, खोटं बोलणार नाही. पण रक्तात गुठळ्या होतायत हे त्यामुळेच कळलं. सकाळीच औषध वाढवलंय. बरं झालं आजच कळलं."

ज्या आकड्यावरून घरी दिवा शांत केला, त्याच आकड्यावरून आत कुणीतरी यांच्यासाठी धावलं होतं. आणि मी तर काही मागितलंच नव्हतं.

हे हळूहळू सावरले. कडुनिंबाखाली माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीची आई मात्र गेली. तिचे आकडे यांच्यापेक्षा चांगले होते. म्हणून चमत्कार झाला, असं मी कुणाला सांगत नाही. त्या पोरीसमोर कुठल्या तोंडाने सांगू? त्या डॉक्टरबाई पुन्हा भेटल्या नाहीत. भेटल्या असत्या तरी मी ओळखलं नसतं, चेहरा पाहिलाच नव्हता. देवीचे आभार मानताना मात्र डोळ्यांपुढे तो वाफ धरलेला चष्माच येतो.

हे घरी आल्यावर जाऊबाई नाशिकला आमच्याकडे आल्या, पिशवीत पोथी घेऊन. देवापुढे दिवा लावला आणि जिथे घाईने उरकलं होतं तिथून सावकाश वाचायला लागल्या. हे उशीला टेकून ऐकत होते. मी शेजारी बसून वाती वळल्या. माझा राग गेलेला नव्हता, आजही पुरता गेलेला नाही. पण तोही आता मी देवीच्या पायाशी ठेवलाय. त्याचं काय करायचं ते तिचं ती बघेल.