गुडघे आत, निऱ्या जागेवर

“दुरुस्त केलं म्हणजे? मोडलं काय होतं ते सांग आधी!”

“मोडलं नव्हतं गं आई. चुकीचं लावलेलं होतं.”

“तीस वर्षं मी चुकीचं वाजवत होते? मग लोक काय कीव येऊन टाळ्या वाजवत होते?”

आयुषने लॅपटॉपचा माईक बंद आहे ना, हे पुन्हा एकदा बघून घेतलं. तिकडे हिंजवडीच्या ऑफिसातली मीटिंग चालू होती आणि इकडे वाघोलीच्या घरात ही.

“हळू बोल ना जरा.”

“मी हळू बोलायचं, आणि तू माझ्या पाठीमागे स्क्रू पिळायचे?”

हिराबाई गिटारपुढच्या स्टुलावरून उठल्याच नव्हत्या. तारा छेडायला बोटांत चढवलेल्या नख्याही तशाच होत्या. परवा बुद्धपौर्णिमा. विहारात दरवर्षी वंदनेनंतर त्यांचं वादन असतं, म्हणून सकाळची कामं उरकून त्या रियाजाला बसल्या होत्या. त्यांची गिटार खांद्याला अडकवायची नव्हे. चार पायांवर टेबलासारखी आडवी उभी राहणारी, पेडलची स्टील गिटार. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून फिरवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या; आणि खरी गंमत टेबलाखाली. डाव्या पायाशी तीन पेडल, आणि गुडघ्यांशी लोंबणाऱ्या लोखंडी पट्ट्या. हिराबाई त्यांना खटके म्हणत. गुडघ्याने खटका ढकलला की आतली सळई तार ओढते नाहीतर सैल सोडते, आणि सूर एखाद्या गळ्यासारखा वळत जातो.

आज सवयीने डावा गुडघा आत ढकलला, तर तिथे काहीच नव्हतं. नुसती हवा. पेडल दाबलं, तर भलतीच तार वर चढली. डोळे मिटून मिठाच्या बरणीत हात घालावा आणि मुठीत साखर यावी, तसं झालं.

“अगं, लावेल की तो परत,” हिराबाईंचे यजमान भीमराव सोफ्यावरून म्हणाले. पेपर त्यांनी खाली ठेवला नव्हता. “इंजिनिअर आहे.”

“सॉफ्टवेअरचा आहे. परवा बाथरूमचा नळ गळत होता तेव्हा प्लंबरला फोन लावला त्याने. तिथे नाही हात शिवशिवले!”

काम आयुषने स्वच्छ केलं होतं, हे मात्र खोटं नव्हतं. सळ्यांवरची धूळ पुसलेली, सांध्यांना तेल दिलेलं, एक पेडल पूर्वी कुरकुरायचं तेही गप्प झालेलं. हिराबाई मांजरी गावात बहिणीकडे गेल्या होत्या, तेवढ्यात हा उद्योग झाला होता. कशासाठी, तर कॉलेजातला मित्र अनिरुद्ध. त्याच्या बँडचं रेकॉर्डिंग पुढच्या आठवड्यात होतं, त्याला हाच आवाज हवा होता, आणि त्याला फक्त जगभर चालते तीच मांडणी येत होती.

“सगळीकडे असंच असतं, आई. पाहिजे तर इंटरनेटवर बघ. तुझ्या गिटारला गुडघा बाहेर ढकलायचा खटकाच नव्हता! सगळे आतल्या बाजूला, एक तर चक्क गुडघ्याच्या वर. मला वाटलं, कोणीतरी जोडताना घोळ घातलाय.”

“कोणीतरी नाही. मी घातलाय. म्हणजे तू माझ्या गिटारला अनिरुद्धचे गुडघे बसवलेस!”

हा घोळ कसा झाला, हे या घरात कोणी कधी विचारलंच नव्हतं. हिराबाईंचे वडील येरवड्यातल्या एका गायन पार्टीचे गायक. कॅम्पातल्या हॉटेलांत वाजवणारे नागोराव सर त्या पार्टीत हौसेने येत. त्यांनी हिराला ही गिटार शिकवली, आणि हात चालेनासे झाले तेव्हा तिलाच देऊन टाकली. वाद्य पँट घालणाऱ्या माणसांसाठी बनवलेलं. अर्धे खटके गुडघा बाहेर ढकलण्याचे. आणि हिरा साडी नेसणारी. टेलिफोन ऑफिसला साडी, विहारात पांढरी साडी, मग स्टेजवर दुसरं काय असणार?

पहिल्याच कार्यक्रमात, भर जयंतीच्या गर्दीत, तिसऱ्या गाण्याला निऱ्या सुटून मांडीत आल्या. पोरीने कोपराने साडी दाबून धरली आणि गाणं संपवलं. लोकांना वाटलं, काय तल्लीन झाली आहे! दुसऱ्या दिवशी सल्ल्यांचा पाऊस. मामी म्हणाली, पंजाबी ड्रेस शिव. ढोलकीवाला म्हणाला, बाईमाणसाने गावं, यंत्रावर कशाला बसावं? नागोराव सरांनी तेवढं विचारलं, “साडी सोडायची आहे का तुला?” ती म्हणाली, “नाही.” सर पाना घेऊन गिटारखाली उताणे झोपले. बाहेरचे खटके निघाले. एक आत आला, एक मांडीवर चढला, गुडघा उचलला की लागेल असा. त्याच्या हिशेबाने पेडलचीही अदलाबदल झाली. मग लग्न झालं, आयुष झाला, ऑफिसात बढत्या झाल्या. पण त्या मांडणीत कधी फरक पडला नाही. निऱ्याही पुन्हा सुटल्या नाहीत.

“बरं, चुकलं माझं,” आयुष म्हणाला. “लावतो परत. सॉरी.”

“लाव. आत्ता लाव. आधीचा फोटो काढला असशील ना?”

आयुष लॅपटॉपकडे बघू लागला.

“नाही काढला? हॉटेलात डोसा आला की फोटो काढल्याशिवाय तुम्ही घास तोडत नाही, आणि माझ्या गिटारचा फोटो नाही?”

“तूच सांग ना, कुठला खटका कुठल्या तारेला होता. पाच मिनिटांचं काम आहे.”

हिराबाईंनी तोंड उघडलं आणि त्यांना सांगता येईना. डावा आतला... तो चौथीला? की चौथी आणि आठवी दोन्ही? किती ओढायचा? गुडघ्याला सगळं ठाऊक होतं, जिभेला कोणी शिकवलंच नव्हतं. आपलीच वस्तू, आपल्याच घरात, आणि आपल्यालाच तिचा पत्ता सांगता येऊ नये! त्या संतापाने त्यांचे कान तापले.

आम्रपाली, सूनबाई, पर्स खांद्याला लावून कॉलेजात शिकवायला निघाली होती. ती दारातच थबकली. “मी म्हटलं होतं याला, आईंना एकदा विचार म्हणून.”

“त्याला म्हणालीस. मला फोन केलास?”

आम्रपालीने मान खाली घातली. “नाही केला.”

भीमरावांनी आता पेपर खाली ठेवला. भांडण मिटवायचं तर मधला मार्ग काढावा, ही त्यांची नोकरीतली जुनी खोड. “हे बघ हिरा, परवावर कार्यक्रम आलाय. आता परत उलटसुलट कशाला? यंदा एक दिवस पंजाबी ड्रेस घाल. आम्रपालीचा होईल तुला. काय बिघडतं?”

लॅपटॉपमधून कोणीतरी आयुषला हाका मारत होतं.

“ड्रेस घातला की पाय नवीन येतात का हो?” हिराबाईंचा आवाज एकदम खाली आला होता. “पेडलं इकडची तिकडे गेलीत. आणि ही पेडलं जागेवर असती ना, तरी मी ड्रेस घातला नसता. मामीने सांगितलं ते मी समजू शकते, तिने मला कधी वाजवताना ऐकलं नव्हतं. तुम्ही पहिल्या रांगेत बसता.”

भीमरावांनी चष्मा काढून उगाच पुसायला घेतला. “मी आपलं सोयीचं बोललो,” ते पुटपुटले.

“सोय कोणाची?”

हिराबाईंनी स्टूल पुढे ओढलं, पदर खोचला आणि पोलादी कांडी हातात घेतली.

“ऐका आता. परवा विहारात मी वाजवणार आहे, साडी नेसून. आयुष, ऑफिसला कळव, आज आणि उद्या तू रजेवर आहेस. तू या गिटारखाली झोपायचंस, मी वर बसून वाजवणार, आणि माझा गुडघा जिथे जाईल तिथे तू खटका लावायचास. अहो, दोन दिवसांचा स्वयंपाक तुम्ही आणि आम्रपाली बघा. आणि त्या अनिरुद्धला फोन करून सांगा, गिटार मिळणार नाही.”