ताईंची विचाराधीन लिली

"उठलीस का? ये, आजचं बघून जा. नंतर म्हणशील, ताईंनी दाखवलं नाही."

सकाळी पावणेसातला आमच्या फाटकाची कडी वाजवून एवढं बोललं की ताई पाठ फिरवून चालायलाही लागायच्या. मी मागून येणार हे त्यांनी धरलेलंच असे. मला सकाळी आठच्या आधी माणसांचा राग येतो. तरी गाऊनवर ओढणी टाकून, डोळे चोळत मी सात वर्षं त्यांच्या मागून गेले. तुम्हीही गेला असतात. त्यांना नाही म्हणायची सोयच नव्हती.

भोपाळातल्या आमच्या सरकारी क्वार्टरांच्या ओळीत त्यांचं घर आमच्या शेजारी. वडील खात्याबरोबर नागपूरहून इथे आले आणि त्याच खात्यात पुढे ताई बाबू म्हणून लागल्या. लग्न केलं नाही. घरापुढच्या पट्टीत गुलाब नाही, मोगरा नाही, नुसत्या डे लिली. पाहुण्याला वाटावं, बाईंनी गवत वाढवून ठेवलंय. मग एप्रिलमध्ये त्या गवतातून दांडे वर यायचे, दांड्यांवर कळ्या धरायच्या आणि रोज सकाळी त्यातल्या दोन-चार उमलायच्या. पण एक फूल टिकतं एकच दिवस. आमच्या एप्रिलच्या उन्हात तर दुपारीच मान टाकतं.

त्यामुळे "रविवारी निवांत येऊ हं" असं म्हणणाऱ्यांवर ताईंचा विशेष राग. "रविवारी या की. चहा मिळेल," एवढंच म्हणायच्या.

नवं झाड पहिल्यांदा फुललं की ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा. अर्जात कारण लिहायच्या, 'घरगुती अपरिहार्य'. एकदा साहेबांनी विचारलं, "घर में तो आप अकेली हैं, फिर क्या हो गया?" ताईंनी सरळ सांगून टाकलं की लाल वाली खिली है. साहेबांनी रजा दिली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बघायला आले. अर्थात उशीर झाला होता. ताईंनी त्यांना सुकलेलं फूल दाखवलं आणि वर ऐकवलं, "सर, कल आना था."

पण त्यांचा खरा उद्योग वेगळाच होता. सकाळी ऊन चढायच्या आत एका फुलाचे पराग कान साफ करायच्या काडीवर घेऊन दुसऱ्या फुलाला लावायच्या. बी धरलं की बिट्टन मार्केटच्या हाटातून आणलेल्या टोमॅटोच्या खोक्यात पेरायच्या. बियाचं झाड फुलायला दोन-तीन वर्षं लागतात आणि तोवर रंग कोणता निघेल ते कोणालाच माहीत नसतं. आईस्क्रीमच्या डब्यांची झाकणं कापून त्या प्रत्येक रोपाला पाटी लावत. पाटीवर ऑफिसातल्याच अक्षरात आई कोण, वडील कोण आणि खाली 'विचाराधीन'. फूल सामान्य निघालं की ताई पाटीवर 'नस्तीबद्ध' असं लिहीत, म्हणजे फाईल बंद, आणि रोप उपटून सरळ खताच्या खड्ड्यात. दयामाया नाही. मी एकदा हळहळले तर म्हणाल्या, "जागा किती आहे? सगळ्यांनाच ठेवलं तर मी कुठे राहू?"

त्या निवृत्त झाल्या तेव्हा पट्टीत एकच रोप विचाराधीन उरलं होतं. आई पिवळी, वडील काळपट लाल. त्याच्यावर ताईंचा फार जीव. एप्रिलअखेर क्वार्टर सोडून पुण्याला भाच्याकडे जायचं होतं आणि भाच्याच्या गॅलरीत ऊनच येत नव्हतं. म्हणजे हे शेवटचं. याच्यानंतर पेरणं नाही. त्या महिन्यात रोपाला पहिल्यांदाच दांडा आला, त्यावर कळी धरली, आणि ताईंनी सामान बांधायचं सोडून तिच्यापुढे स्टूल टाकलं.

कळी काही ऐकेना. जायच्या सकाळी ती फुगलेली होती, पण मिटलेली. भाचा म्हणाला, "मावशी, उकरून कुंडीत घालून नेऊ." ताई म्हणाल्या, "प्रवासात कळी गळेल. राहू दे." मग माझ्याकडे वळल्या. "उद्या उमलेल. सातला फोन करते. नीट बघून ठेव." गाडीत बसताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मला मात्र रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी कोणी कडी न वाजवता मी सहाला उठले. नवऱ्याला वाटलं, मला बरं नाही. फूल उमललं होतं. मी खाली बसून पाहिलं, उभं राहून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. छे. काही नाही हो त्यात.

सातला फोन वाजला.

"उमललं?"

"उमललं, ताई."

"रंग?"

त्या क्षणी माझी जीभ सैल सुटली. म्हटलं, ताई, काय सांगू, जांभळं आहे, कडेला सोनेरी झालर आहे, मधे गडद डोळा आहे. सुचेल ते सांगत सुटले. पलीकडे सगळं शांतपणे ऐकून घेतलं गेलं.

"झालं तुझं?"

"हो."

"पिवळी आणि लालच्या पोटी जांभळी येत नाही गं. आता खरं सांग."

"नारिंगी आहे," मी म्हटलं. "साधी. चार इमलीतल्या साहेबलोकांच्या बंगल्यांच्या कुंपणाला असते तशीच."

"कडा?"

"त्याही साध्याच."

मग त्या म्हणाल्या, "बरं. नस्तीबद्ध करून टाक."

मी हो म्हटलं, खुरपं घेतलं, रोप मुळासकट काढलं आणि आमच्या नळाजवळ लावलं. ताईंना काही कळवलं नाही. उगाच बोलणी कोण खाईल?

पुढच्या एप्रिलमध्ये एका सकाळी सातला फोन.

"फुलली का तुझी नारिंगी?"

मी गार. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? तुझ्या हातून काही उपटलं जातं का? आज किती आली?"

"दोन."

"पाणी सकाळी घाल. दुपारी घालशील तर बघ."

मग बहर संपेपर्यंत रोज सातला फोन. आकडा सांगायचा, एक-दोन सूचना ऐकायच्या, ठेवायचा. सामान्य म्हणून फेकायला सांगितलेल्या झाडाची चौकशी दोन उन्हाळे चालली. एकदा मी खवचटपणे विचारलं, "ताई, नस्ती बंद झाली होती ना?" तर म्हणाल्या, "माझी झाली. ही तुझी आहे."

गेल्या हिवाळ्यात ताई गेल्या. भाच्याने कळवलं.

यंदा एप्रिलमध्ये नारिंगीला एका दिवशी पाच फुलं आली, एवढी कधीच आली नव्हती. मी मोजली, पाणी घातलं, आत आले. नवऱ्याने चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "कुणाचा फोन यायचाय का?"

"नाही," मी म्हटलं. सव्वासात वाजून गेले होते आणि फोन माझ्या हातातच होता.