डॉक्टरीणबाईंनी गहिनीनाथला नाव सांगितलं

गहिनीनाथ शिंप्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. एका नवरदेवाच्या सदऱ्याला त्यानं उलट्या बाह्या लावल्या, तेव्हापासून नांदूरघाटातलं त्याचं मशीन बंदच होतं. दिवसभर ओट्यावर बसून तो मोबाईल कानाशी धरायचा. त्यातला एक आवाज रोज बजावायचा, सरकारी दवाखान्यात डोळे जातात, तुमच्यापासून लपवतात सगळं.

"डोळ्याच्या सरकारी शिबिराची गाडी येतीया, बीडला नेणार हायेत," बायको विमलबाई म्हणाली.

"न्हाई जायचं. सरकारला आपल्या डोळ्याचं काय पडलंय?"

याच माणसानं एके काळी पोरांना कडेवर घेऊन पोलिओच्या डोसासाठी रांग धरली होती. विमलबाईला ते आठवलं.

एका दुपारी चटणी समजून त्यानं भाकरीचा घास मिठात बुडवला. विमलबाईनं तोंडाला पदर लावला. तिचं रडणं त्याला दिसलं नाही, ऐकू आलं. घास तसाच गिळून तो म्हणाला, "चल. नुसतं इचारून येऊ."

बीडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याच्या डोळ्यांत बत्ती धरली. त्यानं मनातलं बोलून टाकलं. "बाई, मोबाईलमदी सांगतेत, हितं डोळे जातेत म्हणून. खरं हाय का?"

"कोण सांगतं, बाबा?"

"नाव न्हाई म्हाईत."

"माझं नाव मनीषा. तुमचं ऑपरेशन मीच करणार. धोका अजिबात नाही असं नाही म्हणणार, पण फार थोडा आहे. नंतर काही दुखलं-खुपलं तर इथंच यायचं, मला विचारायचं."

इतक्या दिवसांत मोबाईलमधल्या त्या आवाजानं 'मला विचारा' असं कधी म्हटलं नव्हतं. गहिनीनाथनं बायकोचा हात चाचपून धरला. "ऱ्हातो मी. करा आपरेशन."

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी एका डोळ्याची पट्टी निघाली. आधी खिडकीचा उजेड आला, मग समोर विमलबाई. तो बघतच राहिला.

"अगं, केस कधी पिकले तुजे?"

"लई दिस झाले," ती लाजून हसली. "कावून असं बघताव?"

"बघू दे की."

दुसऱ्या डोळ्याची तारीख घेऊन दोघं निघाले. पायऱ्या उतरताना विमलबाई कठड्याला धरून थांबली. "अवो, मह्या गुडघ्याचं बी दाखवावं का हितं?"

"आत्ताच दाखवू," तो म्हणाला, आणि तिला हाताला धरून परत वर घेऊन गेला.