ड्रॉइंग बरोबर आहे

हे मी आईला सांगितलेलं नाही, नवऱ्याला नाही, ऑफिसात तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि सांगतानाही डोकं तापलंय. कुणावर म्हणाल — येते, तिथंच येते.

माझे वडील बार्शीच्या मार्केट यार्डात हमाल होते. घरात डिग्री घेतलेली मी पहिली. लोकांनी विचारायच्या आधीच सांगते मी हे. सोलापुरात इमारतींचं डिझाइन करणाऱ्या ऑफिसात लागले, तेव्हा तिथं बीममधली एकेक सळई ड्राफ्ट्समन कॉम्प्युटरवर हातानं काढायचा. मी प्रोग्राम लिहिला. बीम दाखवा — सळया आपोआप बसतात, टोकाला वळतात, कुठली किती लांब कापायची तेही छापून येतं. कुणी शिकवलं नव्हतं मला. आलेल्या पाहुण्यांना सर माझ्या टेबलाशी आणून ते दाखवायचे. मला आवडायचं. लई आवडायचं.

महिबूबभाई आमच्या साइटवरचे फिटर. सळया कापून बांधणाऱ्या टोळीचे मुख्य. ते म्हणायचे, "मॅडम, पहिले ड्राफ्ट्समनशी भांडता तरी यायचं. तुमचं मशीन चहा बी पीत नाही. भांडायचं कुणाशी?" टोळी हसायची. मीही हसायचे.

मग जुळे सोलापूर भागातला तो प्लॉट आला. जागाच तिरकी, म्हणून एका बाजूचे बीम तिरके. आणि माझा प्रोग्राम तिरक्या बीमला फसला. बीमची सळई खांबाच्या आत शिरून वळायला हवी, नाहीतर बीम खांबाला धरून राहत नाही. माझ्या सळया खांबाच्या तोंडाशीच संपत होत्या. मी तपासलं का? नाही. माझं चुकत नव्हतं ना.

महिबूबभाईंनी छापलं होतं तसं कापलं, बांधलं. काँक्रीटच्या आधी सर तपासायला गेले आणि साइटवरून फोन आला — सळया आखूड कापल्यात, ड्रॉइंग घेऊन ये. मी मॉडेल उघडलं आणि दिसलं. लगेच दिसलं. चूक फिटरची नव्हती.

आमच्याकडे रीत अशी, की ड्रॉइंगमध्ये काहीही बदललं तर कोपऱ्यात दुरुस्तीचा नवा आकडा टाकायचा आणि बदललेल्या जागेभोवती ढगासारखी रेघ मारायची. म्हणजे साइटवाल्याला कळतं, आधी वेगळं होतं. मी प्रोग्राम दुरुस्त केला, सळया लांब केल्या. आकडा तोच ठेवला. ढगाची रेघ मारली नाही. प्रिंट घेतली, स्कूटीवर बसले.

सगळे वर स्लॅबवर होते. खाली सिमेंटची पोती ठेवायच्या खोलीत महिबूबभाईंची प्रिंट खिळ्याला लावलेली होती, हाताळून काळी पडलेली. मी ती काढली, पर्समध्ये कोंबली, नवी लावली. तेवढ्यात ते शिडीवरून उतरले, मागून सर.

"मॅडम, तुमीच सांगा की," ते म्हणाले. "मी ह्याच कागदावरून कापलं."

सरांनी कागद पाहिला. माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, "ड्रॉइंग बरोबर आहे."

महिबूबभाई आकड्यांवरून बोट फिरवत राहिले. नवा पांढरा कागद — त्यांना कळलं नसेल? मला वाटतं, कळलं. ते एवढंच म्हणाले, "मग माझंच चुकलं असंल."

सरांनी त्यांना त्यांच्याच टोळीसमोर घालून पाडून बोलून कामावरून काढून टाकलं. डोळे आहेत की बटणं, असं काय काय. मी उभी होते. लहानपणी एका व्यापाऱ्यानं माझ्या वडिलांना फाटक्या पोत्यावरून असंच चारचौघांत झापलं होतं. पोतं आधीपासून फाटकं होतं आणि तिथल्या कारकुनाला ते माहीत होतं. तो गप्प बसला. त्या व्यापाऱ्यापेक्षा त्या कारकुनाला मी जास्त शिव्या दिल्यात, आजवर देत आले. शिकलेला माणूस आणि तोंडात गुळणी. आता कळलं ना, राग कुणावर?

सळया बदलल्या, इमारत धड उभी आहे. कुणाला खरचटलं नाही — ही समजूतही मी स्वतःला घालून बघितली. थू.

मागच्या उन्हाळ्यात अक्कलकोट रोडच्या एका साइटवर महिबूबभाई दिसले. दुसऱ्याच्या टोळीत, उकिडवे बसून तार बांधत होते. मला बघून म्हणाले, "बरं हाय का, मॅडम?" मी म्हटलं, "हो." आणि पुढं गेले.

प्रोग्राम अजून चालतो. ऑफिसात नवीन आलेल्यांना मीच शिकवते. तिरका बीम आला की दोनदा तपासा, असं बजावते. का, ते सांगत नाही.

खोटं मी बोललेच नव्हते तसं. त्या क्षणी ड्रॉइंग बरोबरच होतं. महिबूबभाई शिडीवरून खाली उतरेपर्यंत मी ते बरोबर केलं होतं.