काहून सर

काहून सरांवर लिहायचं मी आजवर टाळत आलो. शाळेच्या स्मरणिकेसाठी दोनदा मागणी आली, दोन्ही वेळा मी डोळ्यांचं ऑपरेशन पुढे केलं. डोळा एकच, ऑपरेशनही एकच. खरं कारण एक पाद आहे. या वयात हा शब्द लिहिताना हात अडखळतो, पण 'वायू सरणे' असं लिहावं तर सर वरून विचारतील, "सरते काहून? त्याले पाय आहेत का?"

काहून म्हणजे का, एवढं पुण्याकडच्या वाचकांसाठी. आमची शाळा अड्याळच्या पुढे, तलावाच्या बांधाला, पाळीला, लागून. पाचवी ते आठवी. मी मुख्याध्यापक, म्हणजे मोठे सर. काहून सर विज्ञान शिकवत. कोणी काहीही बोललं की त्यांचा काहून तयार. एकदा शिपाई रजेचा अर्ज घेऊन आला. म्हणाला, सासू मेली. सरांच्या तोंडून सवयीनं गेलं, "काहून?" शिपाई म्हणाला, "मले काय माहीत जी, मी मारली का?" त्यानंतर आठवडाभर सर त्याला स्वतःच्या डब्यातली भाजी देत होते.

त्यांची खरी करामत घटक चाचणीच्या आधी दिसे. आमच्याकडे पऱ्हे टाकण्याआधी, म्हणजे धानाची रोपं करण्याआधी, बियाणं मिठाच्या पाण्यात ओततात. पाण्यात अंडं सोडायचं आणि ते तरंगेपर्यंत मीठ घालायचं. मग त्यात धान ओतला की पोचट दाणे वर येतात, भरलेले तळाशी बसतात. चाचणीच्या आठवड्यात सर शाळा सुटल्यावर पोरांना पाळीवर नेत आणि त्यांच्या उत्तरांवर हाच प्रयोग करत. पाठ केलेलं उत्तर कानावर पडलं की म्हणत, "पोचट. वर आलं."

सुरेखा नावाची एक मुलगी होती, पाठांतरात पोपट. तिनं सुरू केलं, "प्रकाशसंश्लेषण म्हणजे वनस्पती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने..."

"पोचट. तुमच्या बांधीत मोहाच्या झाडाखालचा धान कसा रायते?"

"पिवळा रायते जी."

"काहून?"

"ऊन नाही भेटत."

"ऊन नाही भेटलं त काय होते? मले बी नाही भेटत, मी पिवळा झालो का?"

सुरेखानं बराच वेळ तलावाकडे पाहिलं. "तुमचा सयपाक बाई करतात. धानाले आपला सयपाक आपणच करा लागते. ऊन नाही त चूल नाही."

"बसला दाणा तळाशी. जाय आता, देऊन टाक पेपर."

तीन काहून पचवले की पोरगं परीक्षेला लायक, असा त्यांचा हिशेब. मी एकदा म्हटलं, "अहो सर, पुस्तकातली व्याख्या तरी लिहू द्या." तर म्हणाले, "लिहू द्या ना जी. पण मीठ टाकून."

आता तो दिवस. आदल्या रात्री लाखनीला एका लग्नात मी लाखोळीच्या डाळीचे वडे खाल्ले होते. किती, ते विचारू नका. सकाळी फेरी मारत सातवीच्या दारात उभा राहिलो. आत सर वायूंचा धडा घेत होते, हातात उदबत्ती होती आणि काडेपेटी सादळलेली. तेवढ्यात माझ्याकडून ते घडलं. आवाज झाला नाही, पण जे झालं ते आवाजापेक्षा वाईट होतं. दाराजवळच्या पोरानं नाक धरलं. मागे खुसखुस सुरू झाली, आणि अख्खा वर्ग दाराकडे वळणार, एवढ्यात सर म्हणाले, "इकडे पाहा रे. माझाच आहे तो."

वर्ग फुटला. सरांनी हसू दिलं आणि मग उदबत्ती खिशात घातली. "आता पाहू. पहिल्या बाकावर आला का वास? हात वर. दुसऱ्या? मागच्या पोट्ट्यांनो, थांबा, घाई करू नका, तुमच्यापर्यंत येऊनच राहिला." हात ओळीओळीनं वर गेले. "मागे उशिरा काहून गेला? पंखा लावला त काय होईल?" पंखा लावला, आणि मागच्या पोरांनी एकदम हात वर केले. वायूचे कण पसरतात हे त्या वर्गाला जन्मभरासाठी कळलं. मी कधीच व्हरांड्यातून निघून गेलो होतो, हे सगळं मागाहून पोरांकडून कळलं. दुपारी सर माझ्यासमोर ओव्याची पुडी ठेवून गेले.

पुढच्या चाचणीत प्रश्न आला: वायूचे कण पसरतात हे उदाहरणासह स्पष्ट करा. सगळ्या सातवीनं एकच उदाहरण लिहिलं. 'वर्गात कोणी पादले तर जवळच्या बाकाला वास आधी येतो. पंखा लावल्यास लवकर पसरतो.' एकानं तर बाकांची आकृती काढून बाण दाखवले होते. सर्वांना पूर्ण गुण.

एका पालकानं त्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा संस्थेच्या सचिवांकडे पोचवला. सचिव माझ्या ऑफिसात आले, चहा मागवला, सरांना बोलावलं. "विज्ञान बरोबर आहे, मी नाही म्हणत नाही. पण हे कोणी केलं वर्गात?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, पोराला उत्तरासाठी वेळ देताना पाहत, तसं. पाळीवर ते असेच थांबत. माझ्या चहात साखर विरघळून गेली होती, तरी मी चमचा फिरवत राहिलो.

"मीच जी," सर म्हणाले.

त्यांच्याकडचं विज्ञान गेलं. चित्रकला आणि शाळेची बाग त्यांना दिली. त्या आदेशावर सही माझी. नव्या गुरुजींनी गाईड आणलं आणि पोरं पुन्हा पोपटासारखी पाठ करू लागली. काही जण चाचणीआधी पाळीवर जात राहिले, पण घरच्यांनी अडवलं. "त्या पादरे सरापाशी काय शिकते रे?" असं एक बाई माझ्यादेखत म्हणाली. काहून सर हे नाव महिन्याभरात पुसलं गेलं. पादरे सर. अड्याळच्या बाजारात, एसटीत, पोरांच्या लग्नातसुद्धा. लोक प्रेमानंच म्हणत, हे आणखी वाईट. ते हसून हात वर करत, आणि शेजारी मी उभा असलो तर मीही हसत असे. बागेत मात्र त्यांनी बारकं झाडदेखील सावलीत लावलं नाही.

निवृत्तीनंतर ते लाखनीला मुलीकडे राहायला गेले. काही वर्षांनी, एकदाचं मन घट्ट करून, मी तिकडे गेलो. हायवेवरच्या पानठेल्यावर त्यांचं खरं नाव सांगून पत्ता विचारला. ठेलेवाला विचारात पडला. मग म्हणाला, "अच्छा, पादरे सर का जी? ते काय, टाकीमागे." नाव त्यांच्याआधी लाखनीला पोचलं होतं.

ओसरीत सहावी-सातवीची पोरं चाचणीच्या तयारीला बसली होती. सरांनी माझी ओळख करून दिली, "हे आमचे मोठे सर." मग मला म्हणाले, "आले काहून?"

"सहज."

"सहज काहून?"

"छातीवर काहीतरी बसल्यासारखं वाटतं हो, बरीच वर्षं."

"काहून?"

पोरांनी पेन्सिली थांबवल्या. सर थांबले, त्यांच्या नेहमीच्या थांबण्यानं. मी म्हणालो, "पित्त असेल."

सर पोरांकडे वळले. "पित्त कोठी बनते?"

"यकृतात," पोरं म्हणाली.

निघताना ते फाटकापर्यंत आले. रस्त्यावरून ट्रक जात होते, म्हणून कानाजवळ येऊन बोलले. "मोठे सर, पोचट होतं ते. वर आलं. नीट तयारी करून या. मी कुठं जाऊन नाही राहिलो."

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी ते गेले. तिसऱ्या दिवसाला मी गेलो होतो. श्रद्धांजलीचं बोलायला उभा राहिलो, तर त्यांच्या चिकाटीवर बोलून खाली बसलो.

तयारी आता झाली आहे, सर. काहून आलो? माफी मागायला. माफी काहून? पाद माझा होता, नाव तुमचं गेलं, आणि मी चमचा फिरवत बसलो. बसलो काहून? पोरं हसतील म्हणून. पोरं तर हसलीच, सर, जन्मभर हसली, फक्त तुमच्यावर. मला माफ करा, एवढंच त्या ओसरीत म्हणायचं होतं, आणि मी पित्त म्हणालो.