तीन टोपल्या, एक ढीग

थोरलीला शाळेतून काढलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. वर्गात उभं राहून वाचायला सांगितलं की तिची दातखीळच बसायची. बाई ओरडायच्या, पोट्टे हसायचे आणि घरी येईपर्यंत ही रस्त्यात दोनदा ओकायची. माझं डोकं फिरलं. शाळेत जाऊन भांडले, आणि तिच्यासोबत सात वर्षांची मधली आणि पाचाचा धाकटाही घरीच शिकवायला बसवला. नवरा एवढंच म्हणाला, "एक साल करून पाह. थोरलीले वाचता नाई आलं तं तिघंबी परत शाळेत."

आमचं वलगावला फुलांचं वावर. पहाटे झेंडू-शेवंतीचा तोडा, मग अमरावतीच्या बाजारासाठी हार. शिकवायला वेळ कुठून आणणार? म्हणून मी फुलांच्या तीन लहान टोपल्या घेतल्या आणि रोज त्यांत प्रत्येकाचं काम टाकू लागले. थोरलीला एक पान वाचून उत्तरं लिहायची, मधलीला गणितं, धाकट्याला अक्षरं गिरवायची. "मले विचारायले यायचं नाई. अडलं तं आपलं डोकं लावा," असा दम भरून मी ओसरीवर हार ओवायला बसायची.

दहा वाजेपर्यंत तिन्ही टोपल्या रिकाम्या, तिन्ही वह्या भरलेल्या. अक्षर ज्याचं त्याचं. संध्याकाळी थोरलीकडून पान वाचून घ्यायची, तर घडाघडा वाचायची. बापा, काय फुगले होते मी! शेजारणींना बोलावून वह्या दाखवल्या. टोपल्या सरल्या की पोरंही माझ्याजवळ हार करायला बसायची. आमच्या घरी हारांची एक रीतच आहे. ज्याचा ढीग आधी सरला त्यानं बाजूच्याच्या ढिगातली फुलं ओढायची, आणि उठायचं ते सगळ्यांनी सोबतच. सासूबाईंनी मला शिकवलं, मी पोरांना.

साल भरायला दोन महिने उरले होते तेव्हा तिघांना घेऊन अकोल्याला नणंदेकडे गेले. ती शिक्षिका. खरं सांगायचं तर मिरवायलाच गेले होते. तिचं घर मोठं, तीन खोल्यांचं. ती म्हणाली, "वहिनी, तिघायले वेगळं वेगळं बसवू. एकमेकायचा गलबला नको." तिनं तिघांना तीन खोल्यांत बसवलं आणि थोरलीला स्वतःकडचं एक नवीन पान दिलं.

तासाभरानं पाहिलं तर मधली गणितांवर रडत होती आणि धाकटा पाटीवर डोकं ठेवून झोपला होता. थोरली पहिल्याच ओळीवर बोट ठेवून बसलेली. वही कोरी. नणंदेनं जवळ घेऊन विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. रोज मधली तिला पान वाचून दाखवायची, उत्तरं पाटीवर लिहून द्यायची. थोरली ती वहीत उतरवायची आणि पान पाठ करून टाकायची. बदल्यात मधलीची गणितं तिची, आणि धाकट्याचा हात धरून गिरवणंही तिचंच.

माझा हात उठला. "एवढं खोटं काहून बोलली माह्याशी?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. घाबरली नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. "खोटं कुठं? तूच तं सांगतं, आपला ढीग सरला का दुसऱ्याचा ओढायचा."

नणंद हसायला लागली आणि माझं तोंड पाहून गप्प झाली. मग मी शिकवलं तरी काय होतं? अमरावतीच्या एसटीत तिघं माझ्या अंगावर रेलून झोपली आणि मी आपली विचार करतेय. एकमेकांचं करू नका म्हटलं तर उद्या हारांच्या वेळी पोरं म्हणतील, हा ढीग तुझा, तूच बस. करा म्हटलं तर थोरली जन्मात वाचणार नाही. हारांत जे चांगलं ते वहीत वाईट का, हे तिला कसं सांगायचं? मलाच धड सांगता येईना. स्वतःचाच राग आला, रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी धाकट्या दोघांना बापासोबत वावरात पाठवलं. थोरलीला एक नवीन पान दिलं आणि आतल्या खोलीत बसवलं. "मी बसू जवळ?"

"नको."

ओसरीवर येऊन सुई हातात घेतली, पण कान आत. "पा... पाख... पाख..." आणि थांबली. पुन्हा तेच. शब्द माझ्या ओठांवर आला होता. एवढासा शब्द, सांगितला तर काय बिघडतं? मी उठून दारापर्यंत गेले.

"येऊ नको," आतून आवाज आला. रडवेला, पण ठाम.

मी मागे वळले. माझ्या बांगड्या वाजल्या असाव्यात.

"आई! जाऊ बी नको."

आता नेमकं काय करावं माणसानं? सुई हातात धरून मी दाराशीच उभी राहिले. ओसरीवर माझा ढीग तसाच पडून होता, ओढायला कोणी नव्हतं. आत ती पुन्हा 'पा'पासून सुरू झाली.